उत्कंठा आणि जाणतेपण

रहस्यकथा आणि उत्कंठापट यांचे प्रयोजन एकच, असे पुष्कळदा गृहीत धरले जाते. वस्तुतः रहस्यकथेत वाचकापासून काहीतरी लपविलेले असते, तर उत्कंठापटात प्रेक्षकाला पात्रापेक्षा अधिक सांगितलेले असते. पहिल्या ठिकाणी आपण अजाण असतो म्हणून कुतूहल वाटते. दुसऱ्या ठिकाणी जाणते असूनही हतबल असतो म्हणून जीव टांगणीस लागतो.

चित्रपटाने हे जाणतेपण प्रथम संकलनातून मिळविले. डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या ‘द लोन्ली व्हिला’ (१९०९) या लघुपटात घरात कोंडलेली आई व मुली, दार फोडणारे चोर आणि दुरून धावत येणारा पिता आळीपाळीने दिसतात. आंद्रे द लॉर्दच्या ज्या फ्रेंच नाटकाशी या कथेचे नाते आहे, त्यात पतीला दूरध्वनीवरून आपल्या कुटुंबाची हत्या नुसती ऐकावी लागते. ग्रिफिथचा पिता मात्र वेळेवर पोहोचतो. या शेवटाने प्रेक्षकाशी जणू एक करारच झाला: भीती कितीही ताणली तरी सुटका होणारच.

हा करार आल्फ्रेड हिचकॉकने ‘सॅबोटाज’ (१९३६) मध्ये मोडला. चित्रपट जोसेफ कॉनरॅडच्या ‘द सीक्रेट एजंट’ (१९०७) या कादंबरीवर आधारलेला आहे. (त्याच वर्षीच्या ‘सीक्रेट एजंट’ या हिचकॉकच्या चित्रपटाचा मात्र कॉनरॅडशी काही संबंध नाही, तो सॉमरसेट मॉमच्या कथांवरचा.) कादंबरीत व्हर्लॉकचा मंदबुद्धी मेहुणा स्टीव्ही बाँब नेताना मरतो, पण तो क्षण कॉनरॅड दाखवीतच नाही. निवेदन काळ ओलांडून पुढे जाते आणि काय घडले ते वाचकाला मागाहून, तुकड्यातुकड्यांनी उमगते. हिचकॉकने नेमके उलट केले. पावणेदोनला स्फोट होणार हे आपल्याला आधीच ठाऊक आहे. मुलगा मात्र रस्त्यावरच्या विक्रेत्यापाशी अडकतो, मिरवणूक पाहत थांबतो, मग बसमध्ये शेजारच्या कुत्र्याच्या पिलाशी खेळतो. मध्येमध्ये घड्याळे आणि ते पुडके दिसत राहते, तेही दर वेळी निराळ्या कोनातून, म्हणजे नजरेला त्याची सवय होऊ नये. आणि बाँब फुटतो.

पुढे फ्रान्स्वा त्रुफोशी झालेल्या प्रदीर्घ संभाषणात (ग्रंथरूपाने १९६६) हिचकॉकने ही आपली चूक झाल्याचे मान्य केले: एवढी उत्कंठा वाढवून मुलाला मारल्याने प्रेक्षक दुखावला. मला हे मत पटत नाही. व्यवसायाच्या दृष्टीने ते खरे असेल. परंतु तो बाँब फुटला नसता तर पुढचा चित्रपट उभाच राहिला नसता. भावाच्या मृत्यूची वार्ता कळलेली मिसेस व्हर्लॉक पतीच्या चित्रपटगृहात जाऊन बसते. पडद्यावर डिस्नेचे व्यंगचित्र चालले आहे, सभोवार हशा आहे आणि क्षणभर तीही हसते. करारभंगाची किंमत येथे वसूल होते, कारण तिच्याभोवती हसणाऱ्यांना जे ठाऊक नाही ते आपल्याला ठाऊक आहे.

त्यानंतरचा जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग तर जवळजवळ निःशब्द आहे. तिचा हात, वाढण्याची सुरी, पतीची नजर, पुन्हा हात. सुरी खाली ठेवली जाते, पुन्हा उचलली जाते. तिच्या मनात काय आहे हे एकही वाक्य सांगत नाही. हे खास चित्रपटाचे सामर्थ्य, असे म्हणण्याचा मोह होतो. पण कॉनरॅडची तीच हत्या वाचून पाहावी. कोचावर पडलेल्या व्हर्लॉकला छत व भिंत यांवर सुरी धरलेल्या हाताची सावली सरकताना दिसते. ती ओळखण्यास, धोका जाणण्यास, बचावाचा बेत करण्यासही त्याला पुरेसा अवकाश मिळतो, आणि हलण्यास मात्र मिळत नाही. स्फोटाचा क्षण वगळणारा कादंबरीकार येथे मात्र क्षण लांबवितो, आणि तेही बोलपट जन्मण्याच्या वीस वर्षे आधी.