घरातले दफ्तर

चंदीगडलगतच्या खरड शहराचे नाव ऐकताच मराठी माणसास ‘खर्डेघाशी’ आठवावी, हा निव्वळ योगायोग. तेथे वा अन्यत्र, घरूनच कचेरीचे काम करणाऱ्या आपल्या बांधवांस ही व्यवस्था २०२० च्या टाळेबंदीची देणगी वाटते. वस्तुतः ती फार जुनी आहे.

गावचा कुलकर्णी महसुलाचे हिशेब बहुधा घरीच लिहीत असे. बैठक, उतरते मेज, बोरू, दौत, शाई सुकविण्यास वाळू आणि रुमालांत बांधलेले मोडी कागद, एवढाच त्याचा सरंजाम. पण सारे हाताशी. मात्र वतन वंशपरंपरागत असल्याने सरकारी दफ्तर व घरचा ठेवा यांतील सीमा पुसट झाली. स्वतःच्या जमिनीची नोंद पाहण्यास रयतेला त्याच्याच दारी जावे लागे. मुंबई राज्याने १९५० च्या कायद्याने ही वतने रद्द केली आणि ते काम पगारी तलाठ्याकडे गेले.

तरीही जुन्या घराण्यांनी दफ्तरे जपली, म्हणूनच राजवाड्यांना इतिहासाची साधने गवसली. तात्पर्य हे की, काम घरी खुशाल करावे. कागद मात्र घरचे मानू नयेत.