गोलरक्षकाचे सामान: एका लहान व्यापाराचा मागोवा

फुटबॉलच्या अकरा खेळाडूंत दहा जण एका रंगाचे आणि एक जण वेगळ्या रंगाचा असतो. हॉकीतही तसेच. संघाच्या यशाचे श्रेय बहुधा त्या दहांना मिळते. पराभवाचा डाग मात्र त्या एकाच्या सदऱ्यावर पडतो. या एकट्या माणसाबद्दल क्रीडापत्रकारांनी पुष्कळ लिहिले आहे. परंतु त्याच्या हातातले मोजे आणि पायांवरचे पॅड कोणी बनविले, कोणी विकले आणि ते विकत घेण्यासाठी कोणी काय गमावले, हा इतिहास सहसा कोणी सांगत नाही. धंदा लहान, गिऱ्हाईक थोडके, म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष झाले असावे. तथापि आपल्या मुलांच्या खेळण्याशी त्याचा निकटचा संबंध आहे.

फुटबॉलच्या नियमांत गोलरक्षकाचा स्वतंत्र उल्लेख प्रथम १८७१ साली आला. प्रारंभी त्याला चेंडू हाताळण्याची मुभा बरीच मोठी होती. १९१२ साली ती त्याच्या स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रापुरती सीमित झाली. ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच अशी ती चौकट त्याने राखावयाची, आणि तीही उघड्या हातांनी. विल्यम साईक्स नावाच्या इंग्रज कारखानदाराने १८८५ साली रबराचा थर दिलेल्या चामडी मोज्यांचे पेटंट घेतल्याचे सांगितले जाते. पण त्या मोज्यांना बाजार मिळाला नाही. पुढे कित्येक दशके गोलरक्षक पावसाळी दिवशी फार तर लोकरीचे मोजे घाली. एरवी हाताला थुंकी लावून उभा राही.

त्या काळी गोलरक्षकाची जागा ही संघातील सर्वांत स्वस्त जागा होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. फ्रेंच साहित्यिक आल्बेर काम्यू अल्जीयर्समध्ये बालपणी गोलजाळ्यात उभा राहू लागला, तो घरच्या दारिद्र्यामुळे, असे सांगतात. धावपळ कमी म्हणजे बुटांचे तळ कमी झिजणार आणि आजीचा मार वाचणार. पोलंडमधील वादोवित्से या गावी कारोल वोयतिला हा मुलगाही गोलरक्षक म्हणून खेळे. हाच मुलगा पुढे पोप दुसरे जॉन पॉल म्हणून १९८६ च्या फेब्रुवारीत वसईला व पुण्याला आला, तेव्हा त्याच्या दर्शनाला गेलेल्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक होते? या दोघांच्या काळी गोलरक्षक होण्यासाठी दुकानात जावे लागत नसे. धैर्य आणि गुडघे फोडून घेण्याची तयारी एवढे भांडवल पुरे होते.

आपल्या किनाऱ्यावर फुटबॉल आला तो पलटणी, व्यापारी आणि धर्मगुरू यांच्याबरोबर. गोव्यात १८८३ साली शिवोली येथे फादर विल्यम लायन्स यांनी मुलांना हा खेळ शिकविला, असे परंपरा सांगते. मुंबईत १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली. मुंबईतील गोवेकरांचे कूड ज्या धोबीतलावच्या परिसरात होते, त्याच परिसरात खेळांच्या सामानाच्या दुकानांची रांग उभी राहिली, हा योगायोग मोठा बोलका आहे. मेट्रो सिनेमाच्या आसपासच्या या दुकानांतून चेंडू, हॉकी स्टिक, बॅट, जाळी असे सर्व काही मिळे. गोलरक्षकाचा माल मात्र एखाद्या कोपऱ्यातील फळीवर असे. बूटसुद्धा जेथे सर्वांना परवडत नव्हते, तेथे मोज्यांची गोष्ट कशाला? १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचा फुटबॉल संघ फ्रान्सकडून २-१ असा हरला, तेव्हा आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले होते.

हॉकीची गोष्ट निराळी होती. हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम वजनाचा, पण दगडासारखा कठीण. त्यापुढे उघड्या पायांनी उभे राहणे अशक्यच. म्हणून हॉकीच्या गोलरक्षकाने क्रिकेटच्या यष्टिरक्षकाचा मार्ग धरला आणि कापूस भरलेले, वेताच्या काड्यांचे, कॅनव्हासचे पॅड बांधले. नागपुरात जन्मलेला रिचर्ड ॲलन १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकमध्ये पाच सामने खेळला आणि त्याच्यावर एकही गोल झाला नाही. १९३२ साली लॉस एंजेलिसला अमेरिकेने त्याच्यावर एक गोल केला; त्या वेळी तो गोलजाळ्यामागे स्वाक्षऱ्या देत होता, अशी आख्यायिका आहे. १२ ऑगस्ट १९४८ रोजी वेम्बलीवर भारताने ब्रिटनला ४-० असे हरविले, तेव्हा गोलात उभा होता तो मुंबईचा लिओ पिंटो. त्या संघातील मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस, वॉल्टर डिसोझा ही नावे आपल्या घराघरांत अभिमानाने घेतली जात. महूचा शंकर लक्ष्मण १९५६ ते १९६४ या काळात तीन ऑलिंपिक खेळला, दोनदा सुवर्णपदक जिंकला. आणि २००६ साली पायाच्या गँगरीनने, हलाखीत वारला. ज्या पायांनी देशाचे गोल अडविले त्या पायांची ही गत झाली!

या सर्वांचे सामान येई कोठून? फाळणीपूर्वी हिंदुस्थानातील क्रीडासाहित्याचे माहेर सियालकोट होते. १९४७ साली तेथील हिंदू व शीख कारागीर निर्वासित झाले. काही प्रथम बटाल्यात थांबले आणि मग जालंधरला स्थिरावले. काही मेरठला गेले. सर्वस्व गमावले असले तरी हातातले कसब शाबूत होते, आणि त्या कसबातूनच जालंधरची बस्ती नौ आणि मेरठचा सूरजकुंड रस्ता हे बाजार उभे राहिले. आजही महाराष्ट्रातील दुकानदाराकडे येणारा बराचसा माल याच दोन गावांतून येतो. या इतिहासाची दुसरी बाजूही झाकू नये. चेंडू शिवण्याच्या घरगुती कामात लहान मुले राबत असल्याचे उघड झाल्यावर जगभर काहूर उठले, आणि १९९७ साली सियालकोटच्या उत्पादकांनी अटलांटा येथे बालमजुरी हटविण्याचा करार केला. जालंधरच्या उद्योगालाही त्यानंतर स्वतःची घडी सुधारावी लागली. एका मुलाच्या खेळासाठी दुसऱ्या मुलाची बोटे सुईने सोलली जाऊ नयेत, हा विचार विक्रेत्याच्याही मनात असावयास हवा.

गोलरक्षकाच्या व्यापाराला खरे वळण मिळाले ते जर्मनीत. मेत्सिंगेन या गावी कार्ल रॉईश याने १९३४ साली हातमोजे बनविण्याचा धंदा सुरू केला होता. हिवाळी हातमोजे शिवणारे हे एक कुटुंब. १९७३ च्या सुमारास त्याचा पुत्र गेभार्ड रॉईश आणि जर्मन संघाचा गोलरक्षक सेप मायर यांनी एकत्र बसून, चेंडू तळहाताला चिकटून राहील असे मोजे घडविले. पुढच्याच वर्षी मायरच्या संघाने विश्वचषक जिंकला आणि मोज्यांची जाहिरात आपोआप झाली. एक कारागीर आणि एक खेळाडू यांच्या संभाषणातून संबंध बाजारपेठ जन्मली, हे व्यापाराच्या अभ्यासकाने लक्षात ठेवावे.

हॉकीत हेच वळण १९७६ साली आले. माँट्रियल ऑलिंपिकमध्ये हॉकी प्रथमच कृत्रिम हिरवळीवर खेळली गेली आणि भारत सातव्या स्थानावर घसरला. चेंडूचा वेग वाढला. कापसाचे पॅड ओल्या मैदानावर पाणी पिऊन जड होऊ लागले. त्यांची जागा हलक्या, घट्ट फोमने घेतली. हेल्मेट, छातीचे कवच, किकर असे एकेक अंग वाढत गेले आणि आज हॉकीच्या गोलरक्षकाचा उत्तम परदेशी संच पन्नास हजार रुपयांच्या पुढे सहज जातो. जी जागा एकेकाळी सर्वांत स्वस्त होती, ती आता सर्वांत महाग झाली.

आता आपल्या भागाकडे वळू. खडकी ते चाकण या पट्ट्यात खेळ रुजविला तो लष्कराने आणि कारखान्यांनी. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत मोडक्या स्टिक आणि टाकून दिलेले चेंडू घेऊन एक मुलगा हॉकी शिकला. तो धनराज पिल्ले. मोडकी स्टिक दोरीने बांधून आघाडीवर खेळता येते. मोडके पॅड बांधून गोलात उभे राहता येत नाही. फरक एवढाच आहे, पण तो फार मोठा आहे. पिंपरीच्या नेहरूनगरमधील मेजर ध्यानचंद स्टेडियमवर डिसेंबर २०२१ मध्ये वरिष्ठ पुरुषांची राष्ट्रीय हॉकी स्पर्धा झाली. २०२२ साली बालेवाडीला महिलांच्या आशियाई चषकाचे फुटबॉल सामने झाले. इंद्रायणीकाठचे, आळंदीच्या शेजारचे चऱ्होली हे शेतकऱ्यांचे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले, आणि आता तेथे उंच इमारतींतून देशाच्या कानाकोपऱ्यांतली कुटुंबे राहतात. मुले खेळतात, आणि त्यांच्यातला एक जण गोलात उभा राहतोच.

अशा ठिकाणी केवळ गोलरक्षकाच्या सामानाचे दुकान काढू पाहणाऱ्याने वरील इतिहास आणि खालील हिशेब दोन्ही मांडून पाहावेत. अकरांत एक गिऱ्हाईक. राखीव धरला तर दोन. मोज्यांचे आकार लहान मुलापासून प्रौढापर्यंत सात-आठ. म्हणजे एकाच प्रकारचा माल ठेवावयाचा तरी भांडवल सात-आठ ठिकाणी अडकून पडते. त्यात लेटेक्स हा जिवंत पदार्थासारखा आहे. ऊन, धूळ आणि काळ यांनी तो आपोआप वाळतो, तडकतो. फळीवर वर्षभर पडलेला मोजा नवा दिसला तरी नवा नसतो. शिवाय आपली मैदाने मुरमाची. युरोपातील ओल्या हिरवळीसाठी केलेला मऊ, चिकट तळवा येथे थोड्या सामन्यांत फाटतो. येथे जाड, कठीण लेटेक्सचा मोजा द्यावयास हवा, मग त्याची पकड थोडी कमी का असेना. महाग तो चांगला, ही समजूत या मालाबाबत खोटी आहे. मोजा कोमट पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, एवढी गोष्ट जो दुकानदार गिऱ्हाइकाला सांगतो त्याची पुढची विक्री लांबते खरी. पण त्याच्याकडे गिऱ्हाईक परत येते. लहान धंद्याची सारी मालमत्ता हीच.

एक गोष्ट मात्र हिशेबाच्या वहीत बसत नाही. केरळचा पी. आर. श्रीजेश २००० साली तिरुवनंतपुरमच्या जी. व्ही. राजा क्रीडाशाळेत दाखल झाला आणि तेथे गोलरक्षक बनला. त्याच्या शेतकरी वडिलांनी पोराच्या पॅडसाठी घरची गाय विकली. टोकियो आणि पॅरिस या दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्याने भारताला कांस्यपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला, म्हणून ती गाय इतिहासात आली. पण पदक न मिळालेल्या किती घरांतल्या गाई, बांगड्या, भिशीचे पैसे अशाच एखाद्या दुकानाच्या गल्ल्यात गेले असतील! आणि ज्यांच्या घरी विकायला काहीच नव्हते अशी किती मुले गोलातून निमूटपणे बाजूला झाली असतील!

यावर उपाय अगदीच नाही असे नव्हे. हॉकीचे पॅड, हेल्मेट, छातीचे कवच हे सामान एका मुलाच्या मालकीचे असण्याची गरज नाही. शाळेने, क्रीडामंडळाने किंवा धर्मग्रामाच्या युवक संघाने एक बरा संच घ्यावा, दुकानदाराने त्याचे पट्टे व फोम वर्षातून एकदा दुरुस्त करून द्यावेत, आणि तो संच पिढी दर पिढी एका गोलरक्षकाकडून दुसऱ्याकडे जावा. मोजे तेवढे ज्याचे त्याचे. असा व्यवहार करणाऱ्या दुकानाला एका दिवसात मोठा नफा होणार नाही. परंतु दर हंगामात त्याच्या दारात एक नवा मुलगा किंवा मुलगी उभी राहील. धोबीतलावच्या जुन्या दुकानांनी आजोबा, बाप आणि नातू अशी गिऱ्हाइके टिकविली, ती याच चिकाटीवर. चऱ्होलीच्या नव्या वस्तीत असे दुकान उभे राहिले, तर मैदानावरील सर्वांत एकाकी खेळाडूच्या पाठीशी कोणीतरी उभे आहे एवढे तरी म्हणता येईल.