वैद्यकीय कोडिंग व बिलिंग : प्रात्यक्षिक प्रशिक्षण

डॉक्टरांनी लिहिलेली रुग्णनोंद वाचून तिच्यातील निदान व उपचारांना प्रमाणित संकेतांक देणे (कोडिंग), आणि त्या संकेतांकांच्या आधारे विमा कंपनीकडे दावा पाठवून पैसे जमा होईपर्यंत पाठपुरावा करणे (बिलिंग), या कामांसाठी नवख्या उमेदवाराला तयार करणारे सरावप्रधान शिक्षण. या व्यवसायाची घडण मुख्यत्वे अमेरिकेच्या आरोग्यव्यवस्थेत झाली. तेथील रुग्णालयांचे काम भारतात येऊ लागल्यावर चेन्नई, हैदराबाद, बंगळूर, पुणे व नवी मुंबई येथेही या प्रशिक्षणाला मागणी आली.

पार्श्वभूमी : रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाचा आरंभ मृत्यूच्या कारणांच्या यादीतून झाला. फ्रेंच संख्याशास्त्रज्ञ झाक बेर्तियों यांनी १८९३ मध्ये शिकागो येथे ती मांडली. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे काम हाती घेतले आणि सहाव्या आवृत्तीपासून आजारांचाही त्यात समावेश झाला. दहावी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०, १९९० मध्ये संमत झाली. तिचे अमेरिकेसाठी विस्तारलेले रूप, आयसीडी-१०-सीएम, तेथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू असून त्यात सुमारे ७० हजार संकेतांक आहेत. उपचार व शस्त्रक्रियांसाठी अमेरिकन मेडिकल असोसिएशनने १९६६ मध्ये सीपीटी ही संकेतावली काढली. औषधे, उपकरणे, रुग्णवाहिका आदींसाठी एचसीपीसीएस वापरतात. १९८३ पासून मेडिकेअर ही सरकारी विमायोजना आंतररुग्णांसाठी रुग्णालयांना निदानगटानुसार ठरावीक रक्कम देऊ लागली. तेव्हापासून संकेतांक हा केवळ आकडेवारीचा विषय राहिला नाही. रुग्णालयाची मिळकत त्यावर ठरू लागली आणि तो अचूक लावणाऱ्या माणसांची गरज वाढली.

सरावाची गरज : संकेतांक पुस्तकात सापडतात. नोंदीतील नेमक्या कोणत्या वाक्याला कोणता संकेतांक लागू होतो, हे मात्र पुस्तक सांगत नाही. उदा., खोकला व ताप असलेल्या रुग्णाच्या नोंदीत डॉक्टरांनी ‘न्यूमोनियाचा संशय’ असे लिहिले आहे. रुग्ण बाह्यरुग्ण विभागातला असेल, तर संशयित आजाराचा संकेतांक देता येत नाही. खोकला (आर०५.९) आणि ताप (आर५०.९) या लक्षणांचेच संकेतांक द्यावे लागतात. तोच रुग्ण दाखल झालेला असेल आणि घरी सोडतानाच्या नोंदीतही तो संशय कायम असेल, तर न्यूमोनिया (जे१८.९) निश्चित झाल्याप्रमाणे नोंदवला जातो. नियम दोन ओळींचा आहे, पण तो अंगवळणी पडायला अनेक चार्ट, म्हणजे रुग्णनोंदी, सोडवाव्या लागतात. मनगटाजवळच्या अस्थिभंगाचेही तसेच आहे. हात उजवा की डावा, जखम उघडी की बंद, उपचार चालू आहेत की हाड भरून येत असतानाची तपासणी आहे, यांवर संकेतांकाचे शेवटचे वर्ण बदलतात. ‘जे लिहिलेले नाही ते घडलेले नाही’ हे या व्यवसायातले पहिले सूत्र. मधुमेहाच्या रुग्णाला इन्सुलिन दिले जात असणार, हा अंदाज कितीही बरोबर असला तरी नोंदीत तसा उल्लेख नसेल तर कोडर इन्सुलिनचा संकेतांक लावत नाही. नोंद संदिग्ध असेल तर डॉक्टरांना लेखी विचारणा करतो. या विचारणेला ‘क्वेरी’ म्हणतात. उत्तर सुचवणारा प्रश्न न विचारता ती कशी लिहावी, हाही प्रशिक्षणाचा भाग असतो.

टप्पे : आरंभी शरीररचना, शरीरक्रिया, वैद्यकीय परिभाषा आणि संकेतावलींचे नियम शिकवतात. त्यानंतर खऱ्या रुग्णनोंदी सोडवायला देतात. त्यांतून रुग्णाची ओळख पुसलेली असते. अमेरिकेच्या १९९६ च्या हिपा कायद्याखालील नियमांत यासाठी एक सरळ पद्धत आहे : नाव, पत्ता, दूरध्वनी, जन्मतारीख अशा १८ प्रकारच्या ओळखखुणा काढून टाकाव्या लागतात. सोप्या बाह्यरुग्ण भेटींपासून सुरुवात करून क्ष-किरण, आपत्कालीन विभाग, शस्त्रक्रिया आणि शेवटी आंतररुग्ण असा क्रम सहसा ठेवतात. प्रत्येक चार्टचे उत्तर अनुभवी लेखापरीक्षक तपासतो आणि चूक कोणत्या नियमाने चूक ठरली ते सांगतो. प्रशिक्षणाचे खरे मोल याच टप्प्यात आहे. केवळ ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ अशी खूण करणाऱ्या सरावातून उत्तरे पाठ होतात, निर्णयशक्ती तयार होत नाही.

सुधारकांचा, म्हणजे ‘मॉडिफायर’चा सराव वेगळा करून घेतात. गुडघ्यात इंजेक्शन (२०६१०) दिले त्याच दिवशी डॉक्टरांनी रुग्णाची स्वतंत्र तपासणीही केली असेल, तर तपासणीच्या संकेतांकाला २५ हा सुधारक जोडतात. ती तपासणी इंजेक्शनच्या नेहमीच्या तयारीपलीकडची होती, हे नोंदीत दिसलेच पाहिजे. आयसीडी-१०-सीएममधील मुख्य बदल दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटीतील १ जानेवारीला लागू होतात. त्यामुळे जुन्या वर्षाच्या पुस्तकावर केलेला सराव कामाच्या ठिकाणी टिकत नाही.

बिलिंगचा सराव : डॉक्टरांच्या सेवांसाठी सीएमएस-१५०० आणि रुग्णालयांसाठी यूबी-०४ हे दाव्याचे नमुने आहेत. सीएमएस-१५०० मध्ये १२ निदाने व सहा सेवाओळी मावतात आणि कोणती सेवा कोणत्या निदानासाठी दिली, हे प्रत्येक ओळीत दाखवावे लागते. ही सांगड चुकली की दावा नाकारला जातो. विमा कंपनीच्या उत्तरातील कारणसंकेत वाचणे हे नवख्या बिलरचे रोजचे काम असते. सीओ-१६ म्हणजे माहिती अपुरी, सीओ-२९ म्हणजे मुदत उलटली, सीओ-५० म्हणजे वैद्यकीय गरज मान्य नाही, सीओ-९७ म्हणजे या सेवेचे पैसे दुसऱ्या सेवेत धरलेले आहेत. पीआर-१ आले तर ती रक्कम रुग्णाच्या वजावटीची असते. सरावासाठी नाकारलेले दावे देऊन दुरुस्त दावा पाठवायचा, अपील करायचे की रक्कम सोडून द्यायची, हे ठरवायला सांगतात. मेडिकेअरचा दावा सेवेच्या दिवसापासून एका वर्षाच्या आत पोहोचावा लागतो, म्हणून मुदतीचे भान ठेवायला पहिल्या दिवसापासून शिकवले जाते.

प्रमाणपत्र आणि अनुभव : एएपीसी (स्थापना १९८८) ही संस्था सीपीसी परीक्षा घेते. तीत १०० प्रश्नांसाठी चार तास असतात आणि उत्तीर्ण होण्यास ७० टक्के गुण लागतात. अनुभव नसलेल्या उत्तीर्णाच्या पदनामापुढे ‘ए’, म्हणजे शिकाऊ, हे अक्षर राहते. ते काढण्यासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो. ८० तासांचा कोडिंग अभ्यासक्रम आणि ‘प्रॅक्टिकोड’ हा चार्टसरावाचा उपक्रम त्या अनुभवाची काही भरपाई करतात. १९२८ मध्ये स्थापन झालेली अहिमा ही दुसरी संस्था नवोदितांसाठी सीसीए परीक्षा घेते. प्रमाणपत्र आहे पण अनुभव नाही, म्हणून नोकरी नाही, आणि नोकरी नाही म्हणून अनुभव नाही, हा या क्षेत्रातील सर्वांत जुना पेच आहे. तो सोडवणे हेच प्रात्यक्षिक प्रशिक्षणाचे मुख्य प्रयोजन होय.

भारत व महाराष्ट्र : भारतातील कंपन्या जीवशास्त्र, औषधनिर्माण, परिचर्या, भौतिकोपचार अशा शाखांच्या पदवीधरांना ‘फ्रेशर’ म्हणून घेतात. वर्गातील शिक्षणानंतर प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण सुरू होते. आरंभी उमेदवाराचा प्रत्येक चार्ट तपासला जातो आणि अचूकता स्थिरावली की तपासणीचे प्रमाण कमी करतात. ९५ टक्के अचूकता ही या उद्योगात सर्रास धरली जाणारी पातळी आहे. विमा कंपन्यांशी दूरध्वनीवर बोलणाऱ्या ‘एआर कॉलर’ला अमेरिकी वेळेनुसार रात्रपाळी करावी लागते. कोडरला बहुधा दिवसपाळी मिळते.

देशांतर्गत व्यवस्थेत काम वेगळे आहे. महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना (पुढे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना) आणि २०१८ मध्ये आलेली आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना या ठरावीक पॅकेजांवर चालतात. नियोजित उपचारांत पॅकेजचा संकेतांक आधी निवडून पूर्वमंजुरी घ्यावी लागते. उपचारांनंतर कागदपत्रे, तपासणी अहवाल व छायाचित्रांसह दावा जातो. रुग्णालयातील आरोग्यमित्र रुग्णाला मार्गदर्शन करतो. त्यामुळे अमेरिकी चार्टवर शिकलेल्या उमेदवाराला येथील विमा कक्षात काम करायचे तर पूर्वमंजुरी, पॅकेजचे नियम आणि विमा कंपन्यांच्या वतीने दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ प्रशासकांशी होणारा पत्रव्यवहार नव्याने शिकावा लागतो.

नीती व मर्यादा : जास्त पैसे मिळावेत म्हणून वरचढ संकेतांक लावणे, किंवा एका उपचाराचे तुकडे करून प्रत्येकाचे वेगळे बिल करणे, हे गैरव्यवहार ठरतात. अमेरिकेत सरकारी योजनांच्या बाबतीत अशा दाव्यांवर १८६३ च्या खोट्या दाव्यांविरुद्धच्या कायद्याने कारवाई होते. चुकीचा संकेतांक रुग्णाच्या नोंदीतही राहतो. त्याला नसलेला आजार त्याच्या नावावर लागला, तर पुढच्या डॉक्टरांची दिशाभूल होऊ शकते. म्हणून वेगापेक्षा नेमकेपणा आधी शिकवणे आवश्यक आहे.

अनेक ठिकाणी आता संगणक संकेतांक सुचवतो आणि माणूस ते तपासतो. त्यामुळे सोप्या चार्टचे काम घटत असून नवख्याकडूनही लेखापरीक्षकाची नजर अपेक्षिली जाते. महिन्याभरात नोकरीची हमी देणारे वर्ग ही नजर देऊ शकत नाहीत. प्रवेश घेण्यापूर्वी उमेदवाराने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : किती खरे चार्ट सोडवायला मिळतील, ते कोण तपासेल, आणि चुकीचे कारण समजावून सांगितले जाईल का. प्रशिक्षणाची प्रत याच तीन उत्तरांवर ठरते.