रंगूनवरचे बाँब आणि देहूरोडची बुद्धमूर्ती



२५ डिसेंबर म्हटलं की आपल्याला महाड आठवतं. १९२७ साली त्या दिवशी तिथे मनुस्मृती जाळली. १९५४ साली याच तारखेला देहूरोडच्या विहारात परमपूज्य बाबासाहेबांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. ही मूर्ती रंगूनहून आणलेली. पण ते रंगून त्याआधी कोणत्या आगीतून गेलं, हे आपल्या घरांत फारसं सांगितलं जात नाही. म्हणून वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही ते लिहितो.

रंगून म्हणजे ब्रह्मदेशाचं मोठं बंदर. तेव्हा तिथे इंग्रजांचं राज्य होतं. गोदीत ओझी वाहणारे बहुतेक हमाल हिंदी होते. आंध्र-ओरिसातून पोटासाठी गेलेले. २३ डिसेंबर १९४१ रोजी जपानी विमानं आली. लोक रस्त्यावर उभे राहून वर बघत होते, आणि बाँब त्यांच्यावरच पडले. हजारावर माणसं मेली. २५ डिसेंबरला पुन्हा हल्ला झाला. कामगार पळाले, गोदी ओस पडली. त्यानंतरच्या काही महिन्यांत चार लाखांच्या आसपास हिंदी लोक ब्रह्मदेश सोडून निघाले. कित्येक जण जंगलातून पायी आले, वाटेत भुकेने आणि तापाने गेले.

८ मार्च १९४२ ला जपान्यांनी रंगून घेतलं. त्यांच्या फौजेची रसद याच बंदरातून जाई. म्हणून आता इंग्रज-अमेरिकन विमानं तिथे बाँब टाकू लागली. शहर तेच, फक्त बाँब टाकणारे बदलले. खाली मरणारा माणूस गरीबच राहिला.

नदीकाठी धक्क्यांना लागूनच बोटाटाँग नावाचा प्राचीन पॅगोडा होता. ८ नोव्हेंबर १९४३ रोजी धक्क्यांवर टाकलेल्या बाँबांनी तो पार जमीनदोस्त झाला. शतकानुशतकांची श्रद्धा एका दिवसात विटांचा ढीग झाली.

एप्रिल १९४५ च्या अखेरीस जपानी रंगून सोडून गेले. ४ जानेवारी १९४८ ला ब्रह्मदेश स्वतंत्र झाला, आणि त्याच दिवशी लोकांनी बोटाटाँगच्या उभारणीला हात घातला. ढिगारा उपसताना खाली दगडी धातुगर्भ सापडला. त्यात सातशेच्यावर वस्तू होत्या : बुद्धमूर्ती, रत्नं, मातीच्या मुद्रा आणि तथागतांचा केस म्हणून जपलेला धातू. पॅगोडा भरीव असता तर ते कुणाला दिसलं नसतं. म्हणून नवा पॅगोडा आतून पोकळ बांधला. आज माणूस आत जाऊन दर्शन घेतो.

केस खरा की नाही, हा वाद आम्ही घालत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला धातूपेक्षा धम्माचं आचरण मोठं मानायला शिकवलं. आम्हाला मोल वाटतं ते पुन्हा बांधणाऱ्या हातांचं. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले, ते याच उभं राहणाऱ्या शहरात. तिथून देहूरोडला आली ती नुसती मूर्ती नव्हे.

आपलं विहारही वर्गणीच्या पैशाने, घामाने उभं आहे. विटा पडू शकतात, हे रंगूनने दाखवलं. पडल्यावर पुन्हा कोण उभारणार, हे मात्र आपल्या पोरांना आपण आज काय शिकवतो त्यावर ठरेल. म्हणून दर रविवारी पोरांना विहारात घेऊन या.

नमो बुद्धाय! जयभीम!