गॅल्व्हेस्टन

अमेरिकेतील टेक्सस राज्यात मेक्सिकोच्या आखातावर वसलेले बंदर व पुळणींचे शहर. लोकसंख्या ५३,६९५ (२०२०). मुख्य भूमीला समांतर पसरलेल्या, सु. ४३ किमी. लांबीच्या वाळूच्या रोधक बेटावर ते आहे. मूळ रहिवासी कारांकावा आदिवासी. १८३९ मध्ये शहराला सनद मिळाली आणि कापसाच्या निर्यातीवर ते श्रीमंत झाले. टेक्ससमधील गुलामांच्या मुक्तीचा हुकूम १९ जून १८६५ रोजी येथेच जाहीर झाला.

बेटाचा सर्वांत उंच भागही समुद्रसपाटीपासून तीन मीटरांहून कमी होता. ८ सप्टेंबर १९०० च्या चक्रीवादळात साडेचार मीटरांहून उंच लाट आली. किमान ६,००० माणसे दगावली. अमेरिकेच्या इतिहासातील ही सर्वांत प्राणघातक नैसर्गिक आपत्ती होय. वाचलेल्यांपैकी बहुतेकांनी बेट सोडले नाही, हे विशेष. त्यांनी ५.२ मी. उंचीची सागरी भिंत बांधली. दोन हजारांवर इमारती जॅकने उचलून त्यांखाली उपसलेली वाळू भरली व शहराची जमीनच उंचावली. सामान्य नागरिकांच्या जिद्दीचे इतके मोठे उदाहरण विरळाच. १९१५ च्या वादळात भिंत टिकली. व्यापार मात्र १९१४ मध्ये खुल्या झालेल्या ह्यूस्टन जलमार्गाकडे वळला. पुढे शहर पर्यटनावर जगू लागले.

भिंतीने घरे वाचवली, पण तिच्यापुढची पुळण झिजत गेली. तेथे आता बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. २००८ च्या ‘आइक’ वादळात पाणी मुख्य भूमीकडील उपसागराच्या, भिंत नसलेल्या बाजूने शहरात शिरले.