एंजिन-नियंत्रण दोषनिदान, मोटारगाडीतील
एंजिनास हवा व इंधन योग्य प्रमाणात पुरविणे आणि त्यांचे मिश्रण योग्य क्षणी प्रज्वलित करणे, या क्रियांतील बिघाड क्रमवार परीक्षणाने शोधून दूर करण्याच्या पद्धतीस ही संज्ञा लावतात. कार्ब्युरेटरच्या काळात हे नियंत्रण यांत्रिक असल्याने बिघाड बहुधा डोळ्यांना दिसे किंवा कानांना ऐकू येई. निर्वातमापक, प्रज्वलनाचा क्षण दाखविणारा दिवा व पुढे दोलनदर्शक ही साधने कारागिराच्या अनुभवाला पूरक होती.

या पद्धतीला वळण मिळाले ते हवेच्या प्रदूषणामुळे. लॉस अँजेल्सवरील धूरके वाहनांतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने व नायट्रोजन ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची विक्रिया होऊन बनते, असे आरी हागेन-स्मिट यांनी १९५० नंतरच्या काही वर्षांत दाखविले. अमेरिकेच्या १९७० च्या स्वच्छ हवा अधिनियमाने निष्कास वायूंवर कडक मर्यादा घातल्या. त्या पाळण्यासाठी उत्प्रेरकी परिवर्तक, ऑक्सिजन-संवेदक (१९७६) आणि त्याच्या संदेशावरून इंधन कमीजास्त करणारा संगणक गाडीत आले. आता बिघाड तारांत व विद्युत् दाबात दडू लागला.

जनरल मोटर्सने १९८१ मध्ये अमेरिकेतील आपल्या मोटारगाड्यांत अशी संगणकीय यंत्रणा सर्रास बसविली. निदानजोडणीतील दोन अग्रे तारेने जोडली की चालकापुढील दिवा लुकलुकून दोषसंकेत सांगे. एकदा, मग थोड्या विरामाने दोनदा लुकलुकल्यास तो ‘१२’. एंजिन बंद असता याचा अर्थ निदानयंत्रणा सुस्थितीत आहे एवढाच होई. कॅलिफोर्निया राज्याने १९८८ च्या प्रतिकृतींपासून गाडीतच निदानयंत्रणा असणे सक्तीचे केले. परंतु जोडणी व संकेत उत्पादकागणिक निराळे राहिले. ही अडचण दुसऱ्या पिढीच्या मानकाने दूर केली. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारगाड्यांत सोळा अग्रांची एकच जोडणी व समान संकेत आले. यूरोपीय संघात पेट्रोल-गाड्यांना २००१ पासून, तर भारतात या यंत्रणेचा पहिला टप्पा २०१० पासून व दुसरा २०१३ पासून लागू झाला.

संकेत म्हणजे निदान नव्हे, ही गोष्ट मात्र अनेकदा विसरली जाते. ‘पी ०१७१’ हा संकेत मिश्रणात इंधन कमी पडत असल्याचे सांगतो. ऑक्सिजन-संवेदक नादुरुस्त आहे असे सांगत नाही. तो बदलून पैसे वाया घालविण्यापूर्वी संगणकाने इंधनात केलेली वाढ पाहावी. मंद गतीला ती मोठी असून वेग वाढताच घटत असल्यास झडपेपुढील नळीत बाहेरची हवा शिरत असावी. भार वाढेल तशी ती वाढत असल्यास इंधनपंप, गाळणी किंवा हवामापक तपासावा. संवेदकाच्या अलीकडे निष्कास नळीला भोक असल्यासही हाच संकेत उमटतो. दुरुस्तीनंतर संकेत पुसून, गाडी पूर्वीच्याच स्थितीत चालवून तो पुन्हा उमटत नाही याची खात्री करावी लागते.

ही माहिती कोणाच्या हाती असावी, हाही वादाचा विषय ठरला. निष्कासाशी संबंधित दुरुस्तीची माहिती स्वतंत्र कारागिरांना मिळावी अशी तरतूद अमेरिकेत १९९० च्या दुरुस्ती अधिनियमाने केली. मॅसॅचूसेट्स राज्यात २०१२ मध्ये मतदारांनी दुरुस्तीच्या हक्काला व्यापक मान्यता दिली. २०२० मध्ये गाडीतून बिनतारी मार्गाने जाणाऱ्या माहितीलाही तो हक्क लागू करणारा प्रस्ताव तेथे संमत झाला. त्याविरुद्ध मोटार-उत्पादकांच्या संघटनेने न्यायालयात धाव घेतली.