खुब्यापासून गेलेला पाय

कृत्रिम पाय म्हटला, कीं गुडघ्याखालची लांकडी खुंटी किंवा फार तर मांडीला पट्ट्यांनीं बांधलेला पाय आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. त्याची कुळकथा जुनी आहे. सोळाव्या शतकांत आंब्रुआझ पारे या फ्रेंच शस्त्रवैद्यानें गुडघ्यांत वांकणारा व खटक्यानें ताठ राहणारा पाय वर्णिला. पण कर्करोगामुळें मांडीचें हाडच खुब्यापासून काढावें लागलें, तर पाय बांधावयाचा कशाला?

हा प्रश्न फार दिवस कोणीं विचारलाच नाहीं. कारण विचारण्यास रोगी उरत नसे. १८९१ सालीं बिलरोथनें अर्ध्या कटीसह पाय काढला, रोगी दगावला. १८९५ सालीं जिरार याला यश आलें. अशा रोग्यास पुढें जो पाय मिळे, त्याच्या खुब्याला कुलूप असे. बसतांना तें काढावयाचें, उठल्यावर लावावयाचें, आणि ताठ पाय कंबरेच्या हिसक्यानें ओढीत न्यावयाचा!

ज्या महायुद्धापायीं १९४४ सालीं पुण्यास लष्कराचें कृत्रिम अवयव केंद्र निघालें, त्याच युद्धांतील जखमींची शुश्रूषा टोरांटोच्या सनीब्रुक रुग्णालयांत चाले. तेथें १९५४ च्या सुमारास कॉलिन मॅक्लॉरिन यांनीं हें कुलूपच काढून टाकलें. कंबरेभोंवतीं घट्ट बसणारें साच्याचें भांडें केलें. बसतांना ज्या हाडावर आपण टेकतों, त्यावरच शरीराचा भार घेतला. आणि खुब्याची बिजागरी नैसर्गिक जागेच्या पुढें व खालीं बसविली. उभें राहिलें, कीं भाराची रेषा बिजागरीच्या मागून आणि गुडघ्याच्या पुढून जाते. त्यामुळें दोन्ही सांधे आपोआप ताठ राहतात. कंबर किंचित् कलविली, कीं पाय पुढें पडतो. युक्ति इतकी साधी, कीं ती आधीं कोणास कशी सुचली नाहीं, याचेंच नवल वाटतें. अर्धी कटीच गेली असेल, तर मात्र टेकावयाचें हाडही राहत नाहीं; भार पोटाच्या मऊ भागावर व खालच्या बरगड्यांवर घ्यावा लागतो.

तथापि हा पाय मिळालेल्यांपैकीं अनेकांनीं तो कोपऱ्यांत उभा केला व कुबड्या घेतल्या. त्यांस आळशी म्हणणें अन्यायाचें होईल. तीन सांधे निर्जीव असलेला पाय चालविण्यास श्रम फार. भांड्यांत घाम सांचतो. शौचास जातांना सारा सरंजाम सोडावा लागतो. कुबड्यांवर मनुष्य पुष्कळदां अधिक वेगानें जातो. परंतु चहाचा पेला एका खोलींतून दुसरींत नेणें त्याला साधत नाहीं, कारण दोन्ही हात गुंतलेले! म्हणून कित्येक जण स्वयंपाकघरांत व कचेरींत पाय आणि रस्त्यावर कुबड्या अशी वांटणी करतात. मला तींत शहाणपणाच दिसतो.

१९८० सालीं टेरी फॉक्स हा कॅनडाचा तरुण कर्करोगानें पाय गमावूनही १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धांवला. १९८१ सालीं तो वारला. त्याचें उदाहरण अशा रोग्यांपुढें ठेवतांना एक गोष्ट विसरतां कामा नये : त्याचा खुबा शाबूत होता व मांडीही थोडी उरली होती. १९७० नंतर औषधोपचार सुधारले आणि रोगट हाड काढून पाय राखण्याच्या शस्त्रक्रिया वाढल्या. त्यामुळें खुब्यापासून पाय काढण्याचे प्रसंग कमी झाले आहेत. ज्यांच्यावर ते येतात, त्यांच्या कंबरेभोंवतीं मात्र अजून बहुधा मॅक्लॉरिन यांच्याच तत्त्वावरचें भांडें बसतें.